आईचा प्रश्न, बहात्तरचा दुष्काळ आणि पोटातल्या बाळाचा इतिहास

“म्हंजे माझंच चुकलं व्हय रे?”

गेल्या महिन्यात आईने मला हे विचारलं आणि मी गप्प बसलो. वीस-बावीस वर्षं पत्रकारितेत आहे. आमदारापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना प्रश्न विचारतो. पण घरातल्या या प्रश्नाला उत्तर सुचलं नाही.

झालं असं. माझ्या मोठ्या भावाला, दादाला, पंधरा वर्षांपासून शुगर आहे. आता इन्सुलिन सुरू झालंय. वय बावन्न. गुटखा नाही, दारू नाही, अंगाने किडकिडीत. त्याच्यासोबत आई दवाखान्यात गेली होती. तिथल्या तरुण डॉक्टरांनी जन्मसाल विचारलं. आई म्हणाली, “दुष्काळातलं लेकरू हाय, चैतातलं.” डॉक्टर सहज बोलून गेले, “मग मावशी, ही शुगर तुमच्या पोटात असतानाच ठरली असेल.”

डॉक्टर वाईट हेतूने बोलले नाहीत. पण आई दोन दिवस नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला तो प्रश्न विचारला.

म्हणून ही पोस्ट. मोठी आहे. पण ज्यांच्या घरात गरोदर बाई आहे, लहान बाळ आहे, किंवा पन्नाशीत शुगर निघालेलं कुणी आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी अशी विनंती.

आधी आईची गोष्ट.

१९७२. आमच्या मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना नुसतं ‘बहात्तर’ म्हटलं तरी कळतं. विहिरी आटल्या, जनावरं सोडून द्यावी लागली. सरकारने दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. पुढे यातूनच रोजगार हमी योजनेचा कायदा आला. वि. स. पागे यांचं नाव त्या योजनेशी कायमचं जोडलं गेलं. ते काम मोठंच होतं, माणसं जगली. ते नाकारायचं नाही.

त्या ५० लाखांत माझी आई होती. वय एकोणीस, लग्नाला तीन वर्षं झालेली, पोटात दादा. रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत फोडली. खायला मिलोची लाल भाकरी आणि तिखट-मीठ. कामावर सुकडी मिळायची, ती ती पदरात बांधून घरी आणायची, कारण घरात धाकटा दीर आणि नणंद होती. सगळ्यांचं झालं की सासूबाई आणि आई जेवायच्या. उरलं तर.

दादा घरीच जन्मला. सुईणीने नाळ कापली. वजन कुणी केलं नाही. आई सांगते, “मुठीएवढा होता, रडायचं बी बळ नव्हतं.” पिवळा चीक पिळून फेकून दिला, तसाच रिवाज होता. तिसऱ्या दिवशी अंगावर घेतला. सव्वा महिन्यात आई पुन्हा कामावर, लेकरू झाडाला बांधलेल्या झोळीत.

आता इथून थेट युरोपात जाऊ. कारण तिथेही एक दुष्काळ पडला होता, आणि त्याचा हिशेब नीट ठेवला गेला.

१९४४ चा हिवाळा. दुसरं महायुद्ध संपत आलेलं, पण हॉलंडचा पश्चिम भाग अजून जर्मन सैन्याच्या ताब्यात. रेल्वे कामगारांनी संप केला म्हणून जर्मनांनी अन्नाची वाहतूक अडवली. त्यात कडाक्याची थंडी, कालवे गोठले. अॅमस्टरडॅमसारख्या शहरात माणशी रेशन दिवसाला हजार कॅलरीच्या खाली आलं, नंतर चारशे ते आठशेवर. खात्यापित्या देशातली माणसं ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागली. २० हजारांहून जास्त माणसं मेली. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि अन्न परत आलं.

म्हणजे उपासमार नेमक्या सहा-सात महिन्यांची. आधी पोटभर, नंतर पोटभर. आणि त्या काळातही दवाखान्यातल्या नर्सबायांनी बाळंतपणाच्या नोंदी सोडल्या नाहीत. आईचं वजन, बाळाचं वजन, तारीख, सगळं लिहिलेलं. पुढे संशोधकांनी त्या नोंदींवरून ती बाळं शोधली. ती तोवर पन्नाशीला आली होती, आज दादा आहे त्या वयाची.

काय निघालं? ज्यांच्या आईला शेवटच्या तीन महिन्यांत उपास घडला ती बाळं कमी वजनाची जन्मली. त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. ज्यांच्या आईला सुरुवातीच्या महिन्यांत उपास घडला आणि नंतर जेवण मिळालं, ती बाळं जन्मताना ठीक वजनाची होती. पण मोठेपणी त्यांच्यातच लठ्ठपणा आणि हृदयविकार जास्त निघाला. आणि पोटात असताना उपासमार भोगलेल्या सगळ्यांचंच शरीर साखर पचवण्यात कमी पडत होतं. बाळाचं यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड, काय कधी घडतं याचं वेळापत्रक असतं. ज्या वेळी जे घडत होतं, त्याच्यावर भुकेचा शिक्का बसला.

दुसरी गोष्ट इंग्लंडची. तिथल्या हर्टफर्डशर जिल्ह्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाई आरोग्य खात्यात होत्या. १९११ पासून त्यांच्या हाताखालच्या सुईणी आणि नर्सबाया घरोघर जायच्या, अगदी आपल्या आशाताईंसारख्या. प्रत्येक बाळाचं जन्माचं वजन, वर्षाचं झाल्यावरचं वजन, आणि बाळ आईच्या अंगावर पितं की बाटलीवर आहे, हे वहीत लिहायच्या.

पुढे डॉ. डेव्हिड बार्कर नावाच्या संशोधकाला या वह्या मिळाल्या. त्यांना आधीपासून एक कोडं पडलं होतं. हृदयविकार हा खाऊनपिऊन सुखी माणसांचा आजार म्हणतात, मग इंग्लंडच्या गरीब भागांत, जिथे पूर्वी तान्ही बाळं जास्त दगावायची, तिथेच तो जास्त का? वह्यांवरून त्यांनी १९११ ते १९३० मध्ये जन्मलेले साडेपाच हजारांहून जास्त पुरुष शोधले. १९८९ मध्ये निष्कर्ष छापून आला: वर्षाच्या वयात ज्यांचं वजन कमी होतं, ते हृदयविकाराने जास्त संख्येने गेले होते. सुरुवातीला बऱ्याच डॉक्टरांना हे पटलं नाही. आज पोटातल्या दिवसांपासून आजाराचा विचार करणारी एक वेगळी शाखाच आहे.

तुम्ही म्हणाल, हॉलंड-इंग्लंडचं काय सांगतोस, आपलं सांग. सांगतो. आपलंही आहे, आणि बार्करांच्या साठ वर्षं आधीचं आहे.

१९२८. मुंबई. लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. बाळंतपणात बायका एवढ्या का मरतात याची तेव्हा चौकशी चालू होती. मुंबईतल्या गरीब बायकांना, त्यात कापड गिरण्यांत काम करणाऱ्याही आल्या, गरोदरपणात एक भयंकर पंडुरोग व्हायचा. रक्तपेशी फुगलेल्या, पण रक्त पांढरं पडलेलं. विल्सबाईंनी जंतू शोधले, सापडले नाहीत. मग त्यांनी त्या बायकांच्या जेवणाकडे पाहिलं. भाजीपाला, फळं, दूध जवळजवळ नाहीच. तसंच निकृष्ट अन्न त्यांनी उंदरांना आणि माकडांना देऊन बघितलं, तीही आजारी पडली. मग मार्माइट दिलं, म्हणजे बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा स्वस्त अर्क. जनावरं सुधारली. बायकाही सुधारल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

त्या अर्कात नेमकं काय आहे हे तेव्हा माहीत नव्हतं. दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं केलं गेलं. पानावरून त्याचं नाव पडलं फॉलिक अॅसिड. मुंबईतल्या बायकांना बरं करणारं द्रव्य हेच. पुढे १९९१ मध्ये एका मोठ्या चाचणीत सिद्ध झालं की दिवस जाण्याआधीपासून फॉलिक अॅसिड घेतलं तर बाळाच्या पाठीच्या मणक्यातलं जन्मजात व्यंग मोठ्या प्रमाणात टळतं. आज आशाताई जी लाल गोळी देतात, तिच्यात लोहासोबत हेच असतं. गोळी तोंडाला चव देत नाही म्हणून उकिरड्यावर टाकणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की तिचा शोध आपल्याच गरीब आयाबायांच्या रक्तातून लागलाय.

आणि योगायोग बघा. विल्सबाई मुंबईत आल्या त्याच वर्षी, १९२८ च्या जुलैमध्ये, मुंबईच्या विधिमंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा द्यावी असं विधेयक चर्चेला होतं. मालकांच्या बाजूने विरोध होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा बराचसा भार खरं तर सरकारने उचलला पाहिजे. पण बाईच्या कामावर मालक कमावतो, तर त्यानेही जबाबदारी घ्यावी. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. देशातला असा पहिला.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे, परत सांगतो. एकीकडे प्रयोगशाळा म्हणत होती, आईचं ताट बघा. दुसरीकडे विधिमंडळात बाबासाहेब म्हणत होते, आईची विश्रांती बघा. ताट आणि विश्रांती. दोन्ही गोष्टी या राज्याला जवळपास शंभर वर्षांपूर्वी सांगून झाल्या आहेत.

आता पुण्याजवळची सहा गावं. १९९३ मध्ये केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या तरुण बायकांच्या नोंदी सुरू केल्या. बार्करांच्या साउदॅम्प्टनच्या केंद्राचा सहभाग होता. दिवस जाण्याआधीपासून नोंद, म्हणजे वही आधी आणि बाळ नंतर. या बायकांचं सरासरी वजन किती असेल? ४२ किलोच्या आसपास. बाळाचं सरासरी २.७ किलोच्या आसपास, तर इंग्लंडमधल्या बाळाचं ३.५.

पण धक्का वेगळाच होता. आपलं बाळ लहान होतं, स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीवालं. शरीराने भुकेच्या काळासाठी साठवण करून ठेवलेली. याज्ञिकांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचाच एक फोटो छापला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! मी तो फोटो पाहिला तेव्हा माझ्या शर्टाखाली बघितलं. हातपाय काडीसारखे, पोट तेवढं पुढे. आपल्यातल्या निम्म्या पुरुषांचं असंच आहे की नाही सांगा.

या सहा गावांतून आणखी तीन गोष्टी निघाल्या. एक, ज्या आयांनी पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खाल्लं त्यांची बाळं जास्त भरलेली होती. म्हणजे नुसत्या भाकरीने भागत नाही. दोन, ज्या बायकांनी गरोदरपणात जास्त कष्टाची कामं केली त्यांची बाळं लहान भरली. तीन, दोन तृतीयांश बायकांच्या अंगात बी-१२ कमी होतं. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस-मासळीतून मिळतं. ज्या आयांच्या अंगात फॉलिक भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं सगळ्यात जास्त दिसली. (म्हणून गोळी बंद करू नका! गोळी हवीच. सोबत वाटीभर दही-दूध, चालत असेल तर अंडंही हवं, एवढाच अर्थ.)

दुधाचंही तसंच. अंगावर पाजणारी आई रोज पाऊण लिटरच्या आसपास दूध तयार करते. तिच्या जेवणात कॅल्शियम कमी असलं तरी दुधात ते उतरतं, कारण शरीर ते आईच्या हाडातून काढतं. माझी आई आज कमरेत वाकलीय, त्यातलं थोडं आम्ही भावंडांनी नेलं असणार. पण बी-१२, ‘अ’ जीवनसत्त्व, आयोडीन आईच्या अंगातच नसेल तर दुधातही कमी पडतं. म्हणून बाळंतिणीचे डिंकाचे, अळिवाचे लाडू ही चैन नाही. ज्या चिकाला आम्ही खराब दूध म्हणून फेकत आलो, तो बाळाला रोगांपासून मिळणारं पहिलं संरक्षण आहे. आणि डब्यातली पावडर आईच्या दुधाच्या बरोबरीची नाही, म्हणून तर तिच्या जाहिरातींवर १९९२ मध्ये कायद्याने बंदी घालावी लागली.

एवढं सगळं वाचून मी आईसमोर बसलो.

पहिलं सांगितलं, “दादाची शुगर दुष्काळामुळेच आली असं कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. हजारो माणसांचा हिशेब केला की धोका वाढलेला दिसतो. एका माणसाच्या बाबतीत अनुवंश आहे, पुढचं खाणं आहे, बसून काम आहे.” भुकेच्या तयारीने जन्मलेलं शरीर, आणि पुढे तालुक्याला नोकरी, मोटारसायकल, चहात दोन चमचे साखर. हेही खरंच.

दुसरं सांगितलं ते जास्त महत्त्वाचं. “तू खडी फोडत होतीस ते हौसेने नाही. सुकडी पदरात बांधून आणलीस ती घरच्यांसाठी. शेवटी जेवलीस तो घराचा नियम होता. यात तुझं काय चुकलं?”

हे मला सगळ्यांना सांगायचंय. हे शास्त्र हातात आलं की पहिलं बोट आईकडे जातं. तिने गोळ्या खाल्ल्या नाहीत, तिने नीट पाजलं नाही, तिनेच काळजी घेतली नाही. पण हॉलंडच्या बायकांचं अन्न लष्कराने अडवलं होतं. गिरणीतल्या बायकांचं अन्न त्यांच्या पगाराने अडवलं होतं. माझ्या आईचं दुष्काळाने आणि घरातल्या पंगतीच्या रीतीने अडवलं. आईचं ताट तिच्या एकटीच्या हातात कधीच नव्हतं. मग त्याचा हिशेब तिच्या एकटीच्या नावावर का?

आज काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६ हजार रुपयांचा हक्क दिला. २०१७ मध्ये योजना आली ती ५ हजारांची आणि पहिल्याच बाळापुरती. नंतर दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६ हजार, अशी भर पडली. मुलगा झाला तर त्या आईला भूक लागत नाही का? २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण कुणाला? ज्यांना नोकरी आहे त्यांना. आपल्या भागातून कोयता घेऊन जाणारी गरोदर बाई आठव्या महिन्यातही उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढते. तिचा खाडा पडला की पैसे कापले जातात. १९२८ मध्ये गिरणी कामगार बाईसाठी जे मागितलं गेलं, ते या बाईपर्यंत अजून पोहोचलेलं नाही.

आपल्या हातात काय आहे, ते सांगून थांबतो. घरात गरोदर किंवा बाळंतीण असेल तर तिचं ताट आधी वाढा. ‘जास्त खाल्लं तर बाळ मोठं होऊन बाळंतपण अवघड जाईल’ असं म्हणून तिचं जेवण तोडू नका. हंडे, मोळ्या, जड ओझी तिच्याकडून काढून घ्या. माता-बाल संरक्षण कार्डावर वजन आणि हिमोग्लोबिन दर वेळी लिहून घ्या. रकाना कोरा सोडू देऊ नका. ते कार्ड पुढे जपून ठेवा, तुमच्या लेकराच्या पन्नाशीत ते कामाला येईल. दादाचं जन्माचं वजन आज कुणालाच माहीत नाही.

आणि ज्यांचा जन्म बहात्तर-त्र्याहत्तरचा आहे त्यांनी, बारीक असलात तरी, एकदा शुगर तपासून घ्या.

दादाची मुलगी सध्या बाळंतपणाला माहेरी आलीय. सातवा महिना, हिमोग्लोबिन ९.१. माझं बोलणं झाल्यावर आई काही बोलली नाही. रात्री जेवायच्या वेळी मी आणि दादा नेहमीसारखे पाटावर जाऊन बसलो. आई म्हणाली, “जरा थांबा तुम्ही.” आणि नातीला हाक मारली.

तुमच्या अंगणवाडीत गरोदर बायकांचा आहार वेळेवर मिळतो का? योजनेचे पैसे किती जणींना आले, किती जणींचे अडकले? गावाच्या नावासह खाली लिहा, बाईचं नाव लिहू नका. पुढच्या आठवड्यात ही सगळी माहिती घेऊन मी तालुक्याच्या कार्यालयात जाणार आहे. काय उत्तर मिळतं ते इथेच सांगेन.